न खेळलेल्या डावांचा हिशेब : संगणकीय बुद्धिबळ स्पर्धांतील बरोबरी आणि फेऱ्यांची आखणी

बुद्धिबळाच्या स्पर्धेत दोन स्पर्धकांचे गुण सारखे झाले की त्यांच्यातील सरस कोण हे ठरवण्याचे दोनच मार्ग उरतात : त्यांना आणखी डाव खेळायला लावणे, किंवा आधी खेळल्या गेलेल्या डावांतूनच काहीतरी नवे मोजून काढणे. पहिला मार्ग वेळ आणि पैसा मागतो, दुसरा केवळ कागद आणि पेन्सिल मागतो. त्यामुळे जिथे खेळण्याचा वेळ महाग होता तिथे मोजणीचे नियम वाढले आणि जिथे तो स्वस्त झाला तिथे त्यांचे महत्त्व ओसरले. बरोबरी फोडण्याचा प्रत्येक नियम हा या अर्थाने न खेळल्या गेलेल्या डावांची अंदाजाने केलेली भरपाई असतो. संगणकांच्या बुद्धिबळ स्पर्धांचा सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास या दृष्टीने विशेष बोलका आहे, कारण यंत्रवेळ अत्यंत दुर्मीळ असण्यापासून ती जवळजवळ फुकट मिळण्यापर्यंतचा सगळा प्रवास या एकाच खेळाने आणि एका पिढीच्या आयुष्यात पाहिला.

यंत्रांच्या स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा त्यांच्यापाशी स्वतःचे नियम नव्हते. माणसांच्या स्पर्धांनी एकोणिसाव्या शतकात घडवलेली चौकट त्यांनी जशीच्या तशी उचलली. या चौकटीतील सर्वांत जुनी आणि सर्वांत न्याय्य मानली गेलेली आखणी म्हणजे साखळी पद्धत, जिच्यात प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो. कोणत्या फेरीत कोणी कोणाशी आणि कोणत्या रंगाच्या मोहऱ्यांनी खेळायचे याची पद्धतशीर कोष्टके रिचर्ड शुरिग याने १८८६ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे ती ऑस्ट्रियन बुद्धिबळपटू योहान बर्गर याच्या नावाने जगभर रूढ झाली. चार स्पर्धकांचे बर्गर कोष्टक अगदी लहान आहे : पहिल्या फेरीत १ विरुद्ध ४ आणि २ विरुद्ध ३, दुसऱ्या फेरीत ४ विरुद्ध ३ आणि १ विरुद्ध २, तिसऱ्या फेरीत २ विरुद्ध ४ आणि ३ विरुद्ध १, आणि प्रत्येक जोडीत आधी लिहिलेला क्रमांक पांढऱ्या मोहऱ्यांचा. हे कोष्टक बारकाईने पाहिले तर क्रमांक १ आणि २ यांना तीनपैकी दोन डाव पांढऱ्यांनी मिळतात व ३ आणि ४ यांना एकच मिळतो, असे दिसते. म्हणजे सर्वांना सर्वांशी खेळवणाऱ्या पद्धतीतही पहिली चाल करण्याचा लाभ समान वाटला जात नाही, आणि तो कोणाला मिळावा हे खेळ सुरू होण्यापूर्वी काढलेल्या चिठ्ठीवर ठरते.

गुण सारखे झाल्यास काय करावे या प्रश्नाला माणसांनी प्रथम सरळ उत्तर दिले होते : पुन्हा खेळावे. व्हिएन्नातील १८७३ च्या स्पर्धेत विल्हेल्म स्टाइनिट्झ आणि जोसेफ ब्लॅकबर्न यांची बरोबरी झाल्यावर निर्णायक सामना झाला आणि स्टाइनिट्झने तो २-० असा जिंकला. त्याच शहरात १८८२ मध्ये अठरा खेळाडूंची दुहेरी साखळी स्पर्धा झाली. त्यात प्रत्येकी चौतीस डावांनंतर स्टाइनिट्झ आणि शिमॉन विनावेर यांचे गुण सारखेच राहिले, त्यांच्यातील दोन जादा डावही १-१ असे सुटले आणि अखेर पहिला क्रमांक दोघांत वाटून द्यावा लागला. याच काळात कागदावरचे उपायही पुढे येत होते. ऑस्कर गेल्बफुस आणि त्यानंतर हर्मान नॉयश्टाट्ल यांनी सुचवलेल्या पद्धतीत खेळाडूने ज्यांना हरवले त्यांचे संपूर्ण गुण आणि ज्यांच्याशी बरोबरी केली त्यांचे निम्मे गुण मिळवून एक बेरीज काढली जाते. समजा दोन खेळाडूंचे गुण सारखे आहेत, पण त्यांपैकी एकाने तीन गुण मिळवणाऱ्याला हरवले व एक गुण मिळवणाऱ्याकडून तो हरला, आणि दुसऱ्याने याच्या नेमके उलट केले, तर पहिल्याच्या बेरजेत तीन आणि दुसऱ्याच्या बेरजेत एकच जमा होतो. आज ही पद्धत सोनेबोर्न-बर्गर या नावाने ओळखली जाते, पण हे नाव तिला चुकून चिकटले आहे : विल्यम सोनेबोर्न आणि योहान बर्गर हे दोघे मूळ पद्धतीचे टीकाकार होते, आणि तीत खेळाडूच्या स्वतःच्या गुणांचा वर्गही मिळवावा अशी त्यांची सुधारणा होती, जी पुढे व्यवहारात टिकली नाही.

स्पर्धक वाढले की साखळी पद्धत अशक्य होते, आणि एका पराभवात घरी पाठवणारी बाद पद्धत फार कठोर ठरते. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणून झुरिचमध्ये १८९५ साली युलियुस म्युलर याच्या कल्पनेतून जी पद्धत वापरली गेली ती पुढे स्विस पद्धत म्हणून प्रसिद्ध झाली. तीत कोणीही बाद होत नाही. प्रत्येक फेरीत समान गुणांचे स्पर्धक एकमेकांसमोर येतात आणि एकच जोडी दोनदा जुळवली जात नाही. महाराष्ट्रातील शालेय स्पर्धांपासून मोठ्या खुल्या स्पर्धांपर्यंत आज सर्वत्र हीच पद्धत रुळली आहे. मात्र स्विस पद्धतीत प्रत्येकाला वेगवेगळे प्रतिस्पर्धी मिळतात, म्हणून समान गुणांची किंमतही समान राहत नाही. आणि ही त्रुटी भरून काढण्यासाठी जर्मनीतील ब्रुनो बुखहोल्झ याने १९३२ मध्ये सर्व प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची साधी बेरीज सुचवली. ज्याचे प्रतिस्पर्धी अधिक यशस्वी, त्याची वाट अधिक खडतर आणि म्हणून त्याचा क्रमांक वरचा, असा तिचा तर्क आहे.

संगणकांची पहिली स्पर्धा १९७० मध्ये न्यूयॉर्क येथे, संगणकशास्त्रज्ञांच्या एसीएम या अमेरिकी संघटनेच्या अधिवेशनात भरली. तीत बुद्धिबळ खेळणाऱ्या सहा आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, उतरल्या होत्या. फेऱ्या तीनच झाल्या आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची ‘चेस ३.०’ तिन्ही डाव जिंकून पहिली आली. सहा जणांची पूर्ण साखळी पाच फेऱ्यांत संपते. तरीही तीनच फेऱ्या ठेवण्यामागे त्या काळच्या यंत्रव्यवहाराची चणचण होती. आज्ञावलींचे निर्माते सभागृहात असत, पण त्या आज्ञावली चालवणारे खोलीभर आकाराचे संगणक शेकडो मैल दूर असत. त्यांच्यावर विद्यापीठांची आणि कंपन्यांची नेहमीची कामे चालत, आणि प्रत्येक खेळी दूरध्वनीच्या तारेवरून जाऊन परत येत असे. चाळीस खेळ्यांसाठी दोन तास या प्रचलित वेळेप्रमाणे खेळला जाणारा एक डाव म्हणजे मोठ्या संगणकाची संपूर्ण संध्याकाळ. फेऱ्यांची आखणी त्यामुळे न्यायाच्या आधी यंत्रवेळेचा विचार करून केली जाई, आणि त्यातून आलेल्या उणिवा नियमांनी झाकाव्या लागत.

ही उणीव स्टॉकहोम येथे ऑगस्ट १९७४ मध्ये झालेल्या पहिल्या जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धेत उघड झाली. तेरा आज्ञावलींमध्ये स्विस पद्धतीने चार फेऱ्या झाल्या. चार फेऱ्यांमागचे गणित सोपे आहे : प्रत्येक फेरीनंतर सर्व डाव जिंकलेल्यांची संख्या निम्मी होत जाते, म्हणून सोळापर्यंतच्या स्पर्धकांत चार फेऱ्यांनंतर निष्कलंक गुणांचा एकापेक्षा अधिक स्पर्धक उरू शकत नाही. परंतु हे गणित फक्त पहिल्या क्रमांकाची हमी देते, आणि तीही कोणी सगळे डाव जिंकले तरच. मॉस्कोतील संगणकावर चालणारी सोव्हिएत ‘काइसा’ चारही डाव जिंकून विजेती ठरली. पण जिच्याशी तिची गाठ पडेल अशी सर्वांची अपेक्षा होती ती अमेरिकी ‘चेस ४.०’ मध्येच ‘केओस’ या आज्ञावलीकडून हरली. घोडा देऊन साधलेल्या हल्ल्यामुळे गाजलेल्या त्या एका डावाने ‘चेस ४.०’ वरच्या गुणगटातून खाली आली, आणि स्विस पद्धतीच्या नियमानुसार तिची व काइसाची जोडी जुळलीच नाही. आयोजकांनी स्पर्धा संपल्यावर या दोघींमध्ये एक प्रदर्शनीय डाव घडवून आणला आणि तो बरोबरीत सुटला. टोरांटो येथे १९७७ मध्ये हाच प्रसंग पुन्हा घडला : या वेळी काइसा पहिल्याच फेरीत ‘डचेस’कडून हरली, ‘चेस ४.६’ चारही डाव जिंकून विजेती झाली, आणि त्या दोघींचा डाव पुन्हा स्पर्धेबाहेरच खेळवावा लागला. तो ‘चेस ४.६’ ने जिंकला. दोन्ही वेळा क्रमवारी नियमाने निर्विवाद होती, तरीही प्रेक्षक आणि आयोजक या दोघांनाही एक डाव राहून गेल्याची जाणीव होती, आणि ती कोणत्याही बेरजेने भागत नव्हती.

त्यानंतरच्या दशकात बरोबरीचा प्रश्न प्रत्यक्ष विजेतेपदापर्यंत पोहोचला आणि तीन स्पर्धांनी त्याची तीन वेगवेगळी उत्तरे दिली. ऑस्ट्रियातील लिंत्स येथे १९८० मध्ये बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्पसन आणि जो काँडन यांनी खास बुद्धिबळासाठी घडवलेले ‘बेल’ हे यंत्र आणि ‘केओस’ हे दोघेही चारपैकी साडेतीन गुणांवर थांबले; त्यांच्यात जादा डाव झाला आणि बेलने तो जिंकला. घरगुती आकाराच्या सूक्ष्मसंगणकांसाठी वेगळी जागतिक स्पर्धा भरत असे. तिच्या १९८४ च्या ग्लासगो येथील स्पर्धेत चार यंत्रे पहिल्या क्रमांकावर बरोबरीत राहिली आणि विजेतेपद चौघांत विभागले गेले. त्यानंतर दोन वर्षांनी कोलोन येथे मोठ्या संगणकांच्या स्पर्धेत पुन्हा चार स्पर्धक, म्हणजे ‘क्रे ब्लिट्झ’, ‘हायटेक’, ‘बेबे’ आणि ‘फिनिक्स’, पाचपैकी चार गुणांवर एकत्र आले. या वेळी मात्र जादा डावही झाले नाहीत आणि विभागणीही झाली नाही, तर टायब्रेकच्या, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या मोजणीच्या आधारे क्रे ब्लिट्झला विजेती घोषित करण्यात आले.

कोलोनच्या शेवटच्या फेरीतील स्थिती जवळून पाहण्यासारखी आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात हान्स बर्लिनर यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले हायटेक चार फेऱ्यांतील चारही डाव जिंकून त्या फेरीत उतरले होते, त्यामुळे त्याला केवळ बरोबरी पुरेशी होती. समोर एक गुण मागे असलेली क्रे ब्लिट्झ होती आणि तिने तो डाव जिंकला. सामान्य प्रेक्षकाला वाटेल की बरोबरी फोडताना हाच विजय निर्णायक ठरायला हवा. पण प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची साधी बेरीज घेणाऱ्या बुखहोल्झ पद्धतीत या डावाचा निकाल मोजलाच जात नाही : क्रे ब्लिट्झच्या बेरजेत हायटेकचे चार गुण जातात आणि हायटेकच्या बेरजेत क्रे ब्लिट्झचेही चारच गुण जातात, मग त्या पटावर कोणीही जिंकलेले असो. उरलेला फरक ठरवतात ते इतर चार प्रतिस्पर्धी, जे त्या क्षणी दुसऱ्या टेबलांवर तिसऱ्याच कोणाशी खेळत असतात. सोनेबोर्न-बर्गर पद्धतीत परस्पर विजयाला किंमत मिळते, पण ती पद्धतही पुन्हा इतरांच्या कामगिरीवरच उभी असते. यंत्रांच्या बाबतीत हा आधार अधिकच डळमळीत होता. एखाद्या मधल्या क्रमांकाच्या स्पर्धकाची दूरध्वनीची तार तुटली किंवा संगणक बंद पडून त्याने डाव गमावला, तर त्याचा अर्धा-एक गुण त्याच्याशी पूर्वी खेळलेल्या सर्वांच्या बेरजेतून वजा होई, आणि ज्या बिघाडाशी त्यांचा काही संबंध नव्हता त्याची शिक्षा त्यांना भोगावी लागे.

पुढील काळात जागतिक स्पर्धांचा कल पुन्हा जादा डावांकडे वळलेला दिसतो. हाँगकाँग येथे १९९५ मध्ये शेवटच्या फेरीत ‘फ्रिट्झ’ या घरगुती संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलीने आयबीएमच्या ‘डीप ब्लू’च्या प्राथमिक आवृत्तीला हरवले आणि ती मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्टार सॉक्रेटिस’च्या बरोबरीला आली. निर्णायक डावात एका बाजूला एक साधा पेंटियम संगणक आणि दुसऱ्या बाजूला १८२४ प्रक्रियक जोडलेला महासंगणक अशी विषम जोडी होती, आणि फ्रिट्झ जिंकली. मास्ट्रिख्त येथे २००२ मध्ये ‘ज्युनियर’ आणि ‘श्रेडर’ यांच्यातील बरोबरीही अशाच जादा डावांनी सुटली व ज्युनियर विजेती ठरली. तरीही जादा डाव हा यंत्रांच्या बाबतीत निर्दोष उपाय नव्हता. माणूस तोच डाव पुन्हा तसाच खेळत नाही. आज्ञावली मात्र सारखी स्थिती आणि सारखा वेळ मिळाल्यास तीच खेळी पुन्हा निवडू शकते, म्हणून दोन निर्णायक डाव एकमेकांची नक्कल ठरू नयेत यासाठी ओपनिंग बुक, म्हणजे सुरुवातीच्या खेळ्यांचा साठवलेला संग्रह, त्यातील निवडीतील योगायोगासह महत्त्वाचा ठरे.

ग्राझ येथे नोव्हेंबर २००३ मध्ये अकरा फेऱ्यांच्या स्पर्धेत जे घडले त्यातून बरोबरीचा नियम आणि पटावरचा नियम यांची गुंतागुंत स्पष्ट होते. प्रत्येक आज्ञावलीच्या वतीने पटासमोर एक चालक बसतो. तो प्रतिस्पर्ध्याची खेळी संगणकाला कळवतो आणि संगणकाने दाखवलेली खेळी पटावर करतो, आणि खेळाबाबत त्याने स्वतः निर्णय घेऊ नये अशी अपेक्षा असते. ‘जॉनी’विरुद्ध जिंकत आलेल्या स्थितीत श्रेडरने आज्ञावलीतील दोषामुळे एकच स्थिती तिसऱ्यांदा येऊ दिली. नियमानुसार अशा वेळी दावा केल्यास डाव बरोबरीत सुटतो, आणि जॉनीच्या पडद्यावर पुनरावृत्तीचा संदेशही दिसला होता. तरीही चालकाने दावा न करता डाव पुढे चालवला आणि श्रेडर जिंकली. पंचांनी हा निकाल कायम ठेवला. स्पर्धेअखेर श्रेडर आणि फ्रिट्झ दोघींचेही साडेनऊ गुण झाले, दोन निर्णायक डावांत श्रेडर सरस ठरली आणि जगज्जेती झाली. त्या एका डावात बरोबरी नोंदली गेली असती तर श्रेडर नऊ गुणांवर राहून फ्रिट्झ अर्ध्या गुणाने थेट विजेती ठरली असती, म्हणजे जादा डावांचा प्रसंगच आला नसता. बरोबरी कशी फोडावी याचा नियम कितीही काटेकोर असला तरी बरोबरी झाली की नाही हेच जिथे एका माणसाच्या कृतीवर अवलंबून राहते, तिथे तो नियम आपोआप न्याय देऊ शकत नाही, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

नॉर्वेच्या मार्टिन थोरेसेन यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘टीसीईसी’ या स्पर्धेने चालकालाच बाजूला केले. येथे सर्व इंजिने, म्हणजे केवळ खेळी शोधणाऱ्या आज्ञावली, आयोजकांच्या यंत्रणेवर चालतात, डाव दिवसरात्र एकामागून एक सुरू राहतात आणि खेळ्यांची देवाणघेवाण माणसाच्या हाताशिवाय होते. यंत्रवेळ स्वस्त झाल्याचा परिणाम आखणीत लगेच दिसतो : स्विस पद्धतीची गरज उरत नाही, विविध श्रेणींमध्ये अनेक आवर्तनांची साखळी खेळवता येते, आणि पहिल्या दोघांमध्ये शंभर डावांची महाअंतिम फेरी घेता येते. मोजणीचे जुने नियम येथेही आहेत, पण त्यांच्या पंक्तीत एक नवा निकष बसला आहे. खेळता खेळता बंद पडलेल्या, म्हणजे क्रॅश झालेल्या इंजिनाला बरोबरीच्या वेळी मागे टाकले जाते आणि ठरावीक संख्येने क्रॅश झाल्यास ते स्पर्धेबाहेर जाते. कोलोनच्या काळात बिघाड हा नशिबाचा भाग समजला जात होता; आता तो स्पर्धकाचा स्वतःचा दोष मानला जातो, कारण सर्व इंजिने आयोजकांच्याच यंत्रणेवर चालत असल्याने तक्रारीला अन्य जागाच उरत नाही.

पण डावांच्या विपुलतेतून एक नवी अडचण निर्माण झाली. आधुनिक इंजिने इतकी अचूक झाली की समतोल सुरुवातीतून त्यांचे बहुतेक सगळे डाव बरोबरीत सुटू लागले, आणि शंभर डावांतही फरक पडेना. म्हणून आयोजक एका बाजूला थोडे झुकलेले ओपनिंग ठरवून देतात आणि प्रत्येक ओपनिंग दोनदा खेळवतात, दुसऱ्या वेळी रंग बदलून. बर्गर कोष्टकात चिठ्ठीवर सोडलेला पांढऱ्या मोहऱ्यांचा लाभ येथे दोघांनाही बरोब्बर सारखा मिळतो; पण त्यामुळे एकट्या डावाचा निकाल निरर्थक होतो, कारण वरचढ बाजू मिळालेल्याने जिंकणे अपेक्षितच असते. अर्थ राहतो तो जोडीला. ‘स्टॉकफिश’ या मुक्त इंजिनातील प्रत्येक बदल हजारो डावांनी तपासणाऱ्या ‘फिशटेस्ट’ या यंत्रणेने हाच विचार गणितात उतरवला : जिंकणे, हरणे आणि बरोबरी या तीन शक्यतांऐवजी दोन डावांच्या जोडीचे शून्यापासून दोन गुणांपर्यंतचे पाच संभाव्य निकाल मोजले जातात, आणि दोघांनी आपापला झुकलेला डाव जिंकला तर ती जोडी कोणाच्याच पारड्यात वजन टाकत नाही. बरोबरी स्पर्धेच्या शेवटी फोडण्याऐवजी तिला प्रत्येक जोडीच्या मोजमापातच जागा देणे, हा आखणीतील खरा बदल येथे झाला.

तरीही प्रश्न पूर्णपणे मिटला असे म्हणता येत नाही. टीसीईसीच्या चौदाव्या हंगामाच्या महाअंतिम फेरीत २०१९ मध्ये स्टॉकफिश आणि चेतापेशींच्या जाळ्याप्रमाणे शिकणारे ‘लीला’ हे इंजिन यांच्यातील शंभर डावांपैकी एक्याऐंशी बरोबरीत सुटले, स्टॉकफिशने दहा जिंकले, लीलाने नऊ, आणि ५०.५ विरुद्ध ४९.५ अशा गुणांनी विजेतेपदाचा निर्णय झाला. पुढच्याच हंगामात लीलाने ५३.५ विरुद्ध ४६.५ असा विजय मिळवून क्रम उलटवला. व्हिएन्नातील दोन मास्तरांना छत्तीस डावांनंतर जे कबूल करावे लागले होते, त्याच्या अगदी जवळ दोन इंजिने शंभर डावांनंतर येऊन ठेपली होती. डाव आणखी वाढवले तर अंदाज अधिक भक्कम होत जातो, पण स्पर्धा कुठेतरी थांबवावी लागते, आणि ती कुठे थांबवायची हे यंत्र ठरवत नाही. शंभर हा आकडाही त्या अर्थाने बुखहोल्झच्या बेरजेसारखाच सोयीने मान्य केलेला आकडा आहे. व्हिएन्नाच्या आयोजकांनी छत्तिसाव्या डावानंतर थांबून बक्षीस वाटून दिले. टीसीईसीच्या नियमाने शंभराव्या डावानंतर थांबून एका गुणाला विजेतेपद दिले. आणि एकशेएकावा डाव दोन्हीकडे हिशेबाबाहेरच राहिला.